अर्जदार गैरहजर

"अर्जदार गैरहजर. विषय पुढच्या सभेत," ग्रामसेवकानं माइकवर वाचलं, अन् पायऱ्यांशी तीनचाकी सायकलीवर बसलेल्या बायनाबाईनं ते भोंग्यातून ऐकलं. तिसऱ्यांदा.

अर्ज तिचाच होता. ग्रामपंचायतीला उतार बांधून द्या, एवढाच. तिचे पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले, अन् सभागृह नऊ पायऱ्यांच्या उंच जोत्यावर. वर हजर झाल्याशिवाय अर्ज चर्चेला येत नाही, अन् उतारावाचून हजर होता येत नाही. बोरीजवळच्या त्या गावात हा पेच सगळ्यांना ठाऊक होता. सोडवायला मात्र कुणाला सवड नव्हती.

तेवढ्यात वर गडबड उडाली. सरपंच ओमप्रकाशरावांना नळयोजनेचा ठराव आजच करायचा होता. डोकी मोजली तर कोरमला एक माणूस कमी! शिपाई महारुद्र दोन गडी घेऊन धावत खाली आला.

"आत्या, चला. सायकलीसगट उचलतो तुमाला."

"मी काय ज्वारीचं पोतं हाय का रे?" बायनाबाईनं ब्रेक दाबून धरला. "मी पायजे असंल तर सभा खाली आणा. जागा लय हाय."

महारुद्र वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. मग सरपंच स्वतः पायरीवर आले. आधी चिडले, नंतर विनवू लागले. बायनाबाई पदरानं वारा घेत बसली. शेवटी सतरंज्या उतरल्या, माइक उतरला, टेबल उतरलं, अन् सगळ्यांच्या मागून घाम पुसत ओमप्रकाशराव उतरले. लिंबाच्या सावलीत सभा बसली.

सभा अशी दारात आलेली बघून घराघरांतून माणसं निघाली. गुडघे धरत धुरपदाबाई आली. काठी टेकत बन्सीधर आला. दिवस भरत आलेली सविता आंधळ्या सासऱ्याचा हात धरून आली. सतरंज्या पुरेनात.

बायनाबाईनं आधी उताराचाच विषय घ्यायला लावला. "एका बाईसाठी..." म्हणत सरपंचांनी तोंड उघडलं, अन् समोर वर झालेले हात बघून मिटलं. ठराव मंजूर झाला.

ओमप्रकाशराव गर्दीकडं बघतच राहिले. "एवढी माणसं आजवर होती कुठं?"

"इथंच होतो की बापा," धुरपदाबाई गुडघा चोळत म्हणाली. "खाली."