अंगावरचं लेकरू

"रोज देतेस ना औषध? मग आत्ताचा डोस माझ्यासमोर दे," डॉ. दैवशाला म्हणाल्या.

शिवकन्या पदर सावरत उठली आणि फळीवरची बाटली आणायला आत गेली. वाटूरजवळच्या या घरात मॅडम पहिल्यांदाच आल्या होत्या. शिवकन्याचा आठ महिन्यांचा सुमित चटईवर पालथा पडून त्यांच्या पर्सकडे सरकत होता. पोरगं गोड होतं. पण त्याला फिटचे झटके यायचे, आणि डोस वाढवत नेला तरी थांबत नव्हते.

औषधं लहान मुलांच्या शरीरात कशी वागतात, हा मॅडमच्या संशोधनाचा विषय. लग्न राहून गेलं, विषय तेवढा राहिला. जालन्याच्या प्रयोगशाळेत बसून त्या जिल्ह्यातल्या मुलांच्या रक्तातलं औषध मोजायच्या. सुरुवातीला आयांची एक मिटिंग घेतली, तेवढीच गाठ; पुढे बाटल्या गावोगावच्या आशाताई पोचवायच्या, रक्त नर्स काढायची, मॅडमपुढे यायचा तो आकडा. मोठ्या मुलांचे आकडे बरोबर होते. सुमितसारख्या तान्ह्यांच्या रक्तात मात्र औषध जवळपास नव्हतंच. आया तर शपथेवर सांगत होत्या, एकही डोस चुकला नाही म्हणून. मग औषध जातं कुठं? या भागातल्या तान्ह्यांचं शरीर ते झपाट्यानं संपवून टाकतं, असं मॅडमनी ठरवलं. हे आजवर कुणालाच सापडलेलं नव्हतं. दिल्लीच्या परिषदेत त्या ते मांडणार होत्या.

हे सुचलं त्या संध्याकाळी त्यांना कुणाला तरी सांगावंसं वाटलं होतं. फोनमधली नावं त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिली. आई होती तोवर ती, काही कळो न कळो, "बरं झालं बाई" तरी म्हणायची. आता तेवढं म्हणायलाही कुणी नव्हतं. मॅडमनी फोन पालथा ठेवला आणि एकटीपुरती खिचडी टाकली.

आज त्या शेवटची खात्री करून घ्यायला आल्या होत्या. ती झाली की डोस दुप्पट, आणि मग दिल्ली.

शिवकन्यानं बाटली हलवली. ड्रॉपर खुणेपर्यंत भरला, एक थेंब कमी नाही की जास्त नाही. मग तो स्वतःच्या तोंडात रिकामा केला, तोंड वेडंवाकडं करत गिळला, आणि सुमितला उचलून पदराखाली घेतलं.

मॅडम पुढे सरकल्या.

"अगं, हे काय केलंस?"

"औषध दिलं की," शिवकन्या म्हणाली. "अंगावरचं लेकरू हाय. तोंडात घातलं की थुकून देतंय. तुमीच सांगितल्तं ना पहिल्या मिटिंगीत, आईनं कोणतंबी औषध घेऊ नये, दुधातून लेकराला जातं म्हणून? मंग आमी समद्या बायांनी इचार केला, हे तर त्याचंच औषध हाय, दुधातूनच जाऊ द्यावं. बराबर घेते मी, मॅडम. एक दिवस चुकवला न्हाई."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दिल्लीला निघालेला शोध या पोरीच्या पोटात रोज उतरत होता. मॅडमना आधी राग आला. मग त्यांनी सुमितकडे पाहिलं, आणि रागाची जागा भीतीनं घेतली. इतके दिवस हे लेकरू औषधावाचून झटके सोसत होतं.

"दुधातून अगदी नावापुरतं जातं, शिवकन्या. त्याला औषध मिळालंच नाही. ते त्याच्याच तोंडात गेलं पाहिजे."

शिवकन्याचा चेहरा पडला. "मंग माझ्याच्यानं झालं का हे?"

"तुझ्यामुळं नाही. मी नीट सांगितलं नाही, आणि बघायलाही आले नाही."

शिवकन्यानं डोळे पुसले आणि पोराला मॅडमच्या मांडीवर ठेवलं. "मंग तुमीच दाखवा. घरी आपल्या लेकरांना पाजीत असताल ना, तसं."

मॅडमनी ड्रॉपर भरला. सुमितनं तोंड घट्ट मिटलं, मान फिरवली, आणि औषध हनुवटीवरून ओघळत त्यांच्या साडीवर सांडलं. त्यांनी तो पुन्हा भरला. सुमितनं त्यांचा चष्मा ओढला, खुदकन हसला, आणि त्याच्या उघड्या तोंडात कसाबसा तो घोट गेला. त्यानं गिळला. मॅडम त्याला तसंच छातीशी धरून बसून राहिल्या. परत द्यायचं त्यांच्या ध्यानातच येईना.

त्यांचे डोळे भरून आलेले पाहून शिवकन्या गोंधळली. लहान मुलांच्या औषधांवर उभा जन्म घातलेल्या या बाईनं आजवर एकाही लेकराला स्वतःच्या हातानं औषध पाजलं नव्हतं, हे तिला कुठून कळावं?