विरुद्धचे पुरावे

"वाच की. घाबरतेस काय? आपलीच माणसं आहेत," मॅडम म्हणाल्या आणि खुर्चीत रेलून बसल्या.

दातांच्या दवाखान्यातली शनिवारची मीटिंग. फोन घेणारी पोरगी वही धरून उभी होती. तिला म्हणे आजार आहे, उदास राहण्याचा, चारचौघांत बोलायला घाबरण्याचा. निदान कुणी केलं? मॅडमनीच. दातांच्या डॉक्टर आहेत, पण म्हणून काय झालं! महिन्यापूर्वी विचार तपासायला शिकवणारं एक जाडजूड पुस्तक त्यांनी तिच्या हातात कोंबलं. "सगळं तुझ्या डोक्यातलं आहे. रोज धडा सोडव." आणि आज तो सगळ्यांसमोर वाचायचा, म्हणजे भीतीही जाईल.

पोरगी इमानी. खरंच डोक्यातलं असेल तर एकदाचं कळू दे, म्हणून तिनं रोज जेवणाच्या सुट्टीत वही भरली. वर त्रास देणारा विचार, खाली दोन रकाने: बाजूचे पुरावे आणि विरुद्धचे पुरावे.

"विचार," तिनं वाचलं. आवाज चिरकला. "मॅडम मुद्दाम चारचौघांत माझा पाणउतारा करतात."

मॅडम हसल्या. "बघा, हेच काढायचंय डोक्यातून. पुढे?"

"बाजूचे पुरावे. तीन तारीख. पेशंटसमोर म्हणाल्या, हिच्याशी लग्न कोण करणार. सात तारीख. माझा डबा उघडून सगळ्यांना वास घ्यायला लावला. अकरा तारीख. वडील गेले म्हणून चार दिवस रजा मागितली. म्हणाल्या, रडायला एक दिवस पुरतो."

आवाज चिरकायचा कधी थांबला ते तिलाही कळलं नाही. महिनाभर गिळलेला राग तारीखवार बाहेर येत होता.

"पुरे," मॅडमचा चेहरा लाल झाला. "विरुद्धचे वाच."

"तो रकाना कोरा आहे. खूप आठवून पाहिलं."

"कोरा?" मॅडम बाकीच्यांकडे वळल्या. "सांगा रे हिला कुणीतरी. पोटच्या पोरीसारखं वागवते की नाही मी?"

मदतनीस नखं बघू लागली. लहान डॉक्टरांनी फोनमध्ये डोकं घातलं. बारा वर्षांत एकाही मीटिंगमध्ये तोंड न उघडलेले एक्स-रेवाले काका तेवढे खाकरले.

"पोरी, सतरा तारखेचं राहिलं," ते म्हणाले. "लिहून घे."