विहिरीला खेटून

घरोघरच्या सेप्टिक टाक्या तपासत मी हिंडते, त्यामुळे घाण म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. पण या गृहस्थाने कमाल केली होती. एवढं मोठं परसू सोडून टाकीचा शोषखड्डा त्याने पार टोकाला, कुंपणापलीकडच्या सख्ख्या भावाच्या विहिरीला खेटून खणला होता. वाटणी झाल्यापासून दोन्ही घरांत बोलणं बंद.

खड्ड्याजवळची माती भिजवून मी तिची वळी करू पाहिली, तर ती बोटांतून सुटून गेली. निव्वळ वाळू.

"ही माती काही अडवत नाही. तुमच्या मैल्यातलं नायट्रेट सरळ त्या विहिरीत उतरतंय," मी म्हणाले.

"उतरू दे की! उतार तिकडेच आहे, त्याला मी काय करू?"

"मोठ्यांना लगेच काही होत नाही. पण त्या पाण्यात तान्ह्या बाळाचं दूध कालवलं, तर बाळ निळं पडतं. पाणी उकळूनही उपयोग नाही."

"त्याच्या घरात तान्हं आहेच कुठे?" तो कुंपणाकडे तोंड करून मुद्दाम मोठ्याने म्हणाला. "पिऊ दे त्याला पोटभर!"

बाळंतपणाला आलेली त्याची लेक तान्ह्या बाळाच्या तोंडात बाटली धरून दारात आली आणि वैतागून म्हणाली, "बाबा, हळू बोला ना! आपलं पाणी मचूळ म्हणून काकू बिचारी चोरून कळशी भरून देते बाळाच्या दुधाला. रागावून बंद केली तर?"