मधली कॉइल

ही २०१४ सालची गोष्ट. धानाची कापणी उरकून लग्नं लागायला लागली होती, आणि लग्नात लोक अजून ऑर्केस्ट्रा बोलावत.

लाखनीत हायवेला लागून धुरपताचं मोटारी भरायचं दुकान होतं. पंपाची मोटार जळली की जुनी तार काढून नवी गुंडाळायची, हे काम ती बापाजवळ शिकली होती. तिचा नवरा घनश्याम बाबूलालच्या ऑर्केस्ट्रात विजेवरची गिटार वाजवी. एका सकाळी त्यानं गिटार उघडून तिच्यासमोर ठेवली. तारांखाली सूर पकडणाऱ्या तीन कॉइली होत्या.

"मधली कॉइल गेली वो. भरून दे. होती तशीच भर."

"तशीच?"

"तशीच. जास्त डोकं चालवू नोको."

सतरा वर्षं ती त्या गिटारीची घूं ऐकत आली होती. स्टेजवर डाव्या हाताला लाइटांचं खोकं असे. त्यातली भणभण गिटारीची कॉइल ओढून घ्यायची आणि स्पीकरमधून घूं घूं सुरू व्हायचं. म्हणून घनश्याम अंग वळवून उभा राही. उजवीकडे तोंड केलं की घूं दबे. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं तिला ते करून दाखवलं होतं, गिटार गळ्यात घालून सावकाश गोल फिरत. खरंच दबत होती. फक्त उजव्या हाताला रीता उभी राहून गायची.

बाया बोलत. "धुरपते, तुझ्या घरच्याची मान धरली काय वो? त्या गाणारीकडून वळतच नाही."

"कॉइलचं काम आहे ते, बाई. तुले नाही समजणार," धुरपता हसून सांगे. सांगून सांगून तिचं तोंड दुखून आलं होतं.

केसाहून बारीक तार तिनं नागपुरातून मागवली. सात हजार फेरे घालायचे होते. पहिले दहा तिनं होते तसेच घातले आणि हात थांबवला. मग ते उलगडले आणि उलट्या बाजूनं सुरुवात केली. शेजारची कॉइल घूं एकीकडे ढकलते, ही दुसरीकडे ढकलेल; दोन्ही मिसळल्या की एकमेकींची घूं खाऊन टाकतील. जोडून पाहिलं तर घूं गेली, पण सूरही रिकाम्या डब्यासारखा पोकळ झाला. तिनं कॉइलखालची चुंबकाची पट्टी काढून तीही उलटी लावली. सूर भरून आला. घूं आली नाही.

घनश्यामला तिनं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबूलालनं मंगल कार्यालयात सामान लावलं, सगळे लाइट पेटवून पाहिले. गिटार घेऊन धुरपता स्वतःच गेली. खुर्च्या अजून रिकाम्या होत्या. घनश्यामनं वायर खोचली. स्पीकर गप्प.

"घनश्यामभाऊ, वायर लावसान का तसेच वाजवसान?" बाबूलाल ओरडला.

"लावलीच आहे," घनश्याम म्हणाला आणि त्यानं एक तार छेडली. दाराशी हार बांधत बसलेल्या माळ्यानं मान वर केली.

"वहिनी, काय केलं जी तुम्ही हे?" बाबूलालनं विचारलं.

"उलटी भरली." धुरपता स्टेजवर चढली आणि तिनं नवऱ्याला गिटारीवरचा खटका दाखवला. "हा इथं ठेवा. दोन्ही कॉइली संगं चालतात. आता कुठंबी तोंड करा, सारखंच आहे."

घनश्याम नुसता खटक्याकडे पाहत राहिला. बाबूलाल मात्र खूश झाला. "आता समोर पाहून वाजवा जी! लोकांले तुमचं तोंड तरी दिसू द्या."

धुरपता पहिल्या रांगेत जाऊन बसली. घनश्याम तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात स्टेजवरचा त्याचा पूर्ण चेहरा ती पहिल्यांदा पाहत होती. उगीचच तिनं पदर सारखा केला.

रीतानं माइक घेतला, डोळे मिटले आणि गाणं उचललं. तिला डोळे मिटूनच गायची सवय.

पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्याला घनश्यामचा खांदा वळला, मग कंबर, मग पाय. तो नेहमीच्या जागी नेहमीसारखा उभा होता, आणि स्पीकरमध्ये घूंचा मागमूस नव्हता.

गाणं संपल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्यानं समोर पाहिलं. धुरपता त्याच्याकडेच बघत होती. घनश्यामनं मान खाली घातली, अंगठ्यानं खटका हळूच एका टोकाला सरकवला. आता एकच कॉइल चालू राहिली, आणि घूं परत आली.

"पाह्य," तो म्हणाला, "आहेच अजून. ह्या बाजूनं जराशी कमी येते."

"असन," धुरपता म्हणाली.

पुढच्या दोन वर्षांत डीजेनं ऑर्केस्ट्रा खाल्ला. बाबूलालनं सामान विकून नाकाडोंगरीला किराणा टाकला. रीता भावाकडे गोंदियाला गेली, तिथं भजनात गाते. घनश्यामच्या वळण्याचं आणि बायांच्या बोलण्याचं तिच्यापर्यंत कधी काही पोचलं नाही. घनश्यामनं गिटार एका शाळेला देऊन टाकली आणि तो धुरपताच्या दुकानात बसायला लागला. जळकी मोटार आली की धुरपता ती दोन्ही पायांत घट्ट धरते आणि तो काळी पडलेली तार ओढून काढतो. एका मोटारीला तासभर तरी लागतो. तेवढा वेळ दोघं समोरासमोर बसलेले असतात.