छतातली फडफड

"छतात काहीतरी फडफडतंय रे," बाबा रोज तिन्हीसांजेला सांगायचे. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस, नुसत्या खरखरीवरून बिघाड ओळखायचा. पण आम्ही शहाणे! भास ठरवून डॉक्टरांच्या गोळ्या सुरू केल्या आणि शेवटी त्यांना वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं.

काल घर विकण्याआधी सुताराने छताच्या फळ्या उचकटल्या, तर आत शंभरेक वटवाघळं लटकलेली. मी तसाच बाबांकडे धावलो. "बाबा, वटवाघळं होती हो खरंच! मी माझ्या डोळ्यांनी पाहिली."

 

बाबांनी घाईघाईने दार लोटलं आणि आपल्या डबीतली अर्धी गोळी माझ्या तळहातावर ठेवली. "घेऊन टाक. आणि पोरांसमोर हे बोलू नकोस, तुलाही इथे आणून ठेवतील."