अर्धा इंच

ज्या लेकीला मी जन्मभर "पोक काढू नकोस" म्हणून दटावलं, तिनंच काल मला खुर्चीत बसायला शिकवलं. "आई, पाठ ताठ, हात मांडीवर, नजर समोरच्याच्या डोळ्यांत. आणि मापं घेतल्यासारखं बघू नकोस!" वीस वर्षं ज्या दुकानात कोट शिवले ते बंद पडलं, म्हणून पन्नाशीत मुलाखत. शिवणकारखान्याच्या मालकांसमोर मी ताठ बसले, हसले, नजर मात्र ऐकेना. "बाई, सारख्या माझ्या खांद्याकडे का बघताय?" झालं, शिकवणी पाण्यात! पण खोटं बोलवेना. "साहेब, तुमचा डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे. कोटाच्या दोन्ही बाजू सारख्याच कापल्यात, म्हणून तिथे चुणी पडते." त्यांचा हात चुणीवर गेला. "तीन कारागिरांना दाखवला, एकालाही कळलं नाही. सोमवारपासून येता?" "येते," मी टेबलावरच्या टाचण्या उचलल्या, "आधी उभे राहा, हलू नका."