यंदाची छत्री

दसऱ्याच्या उन्हात झुंबर राजेसाहेबांच्या मागे रेशमी छत्री धरून उभा होता. राज्य जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पण पेठजवळच्या या डोंगरगावात छत्री धरायचा मान अजून त्याच्याच घराण्याचा. हात भरून आले तरी मान म्हटल्यावर हलायची सोय नाही.

यंदा राजेसाहेबांच्या शेजारी आमदारही बसले होते. लोक रांगेने येत, आपट्याची पानं ताटात ठेवत आणि पाया पडत. आधी राजेसाहेबांच्या, मग आमदारांच्या.

रांगेत झुंबरची सून दीपमाला आली. दीड वर्षापूर्वी गावाने तिला सरपंच निवडलं होतं. खुर्ची मात्र तिच्यासाठी कुणी मांडली नव्हती. या ताटात पडलेलं राजा परत करत नाही, अशी रीत. म्हणून तिने पानांखाली अर्ज ठेवला. ओढ्यावर पूल हवा होता. श्रावणात तिची आजारी सासू आक्काबाई दवाखान्यात नेताना ओढ्याच्या अलीकडच्या काठावरच गेली. पाणी उतरायची वाट बघत चौघे जण डोली घेऊन बसून राहिले होते. त्यांत झुंबर होता.

राजेसाहेबांनी अर्ज काढला आणि वाचला. अगदी शेवटपर्यंत वाचला, खोटं कशाला सांगा.

"सरपंचबाई, आमच्या हाती आता काय राहिलंय? तुम्ही यांना निवडलंय." अर्ज कपाळाला लावून त्यांनी तो आमदारांकडे दिला.

आमदारांनीही तो कपाळाला लावला. "राजेसाहेबांसमोर मी राजकारण करत नाही, ताई. ऑफिसला या."

"पाच येळा आले, साहेब."

आमदार हसले. अर्ज पुन्हा ताटात पडला आणि त्यावर पुढच्या माणसाची पानं पडली.

दीपमाला हलली नाही. तिने सासऱ्याकडे पाहिलं. "बाबा, तुमी तरी बोला. आईचं सांगा."

झुंबरचे ओठ हलले. तेवढ्यात आमदारांनी डोळ्यांवर हात धरून ऊन अडवलं, आणि झुंबरच्या हातातला दांडा आपसूक तिकडे कलला. सावली दोघांवर आली.

"नवी हाय, साहेब," तो म्हणाला. "गावानं वर्गणी काढून यंदा मोठी शिवली. दोघं मावता."